आठ-ते-चारच्या हातावर दही

मुक्ताला दिवस राहिले तेव्हा नलिनीताई आपल्या देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेपुढे बोलल्या होत्या, की लेक सुखरूप सुटून बाळाला घेऊन घरी येईपर्यंत दारी आलेल्या कुणालाही हातावर काही ठेवल्याशिवाय जाऊ देणार नाही. म्हणून लेकीच्या परदेशातल्या घरी मंगळवारी सकाळी बॉयलर दुरुस्तीची वेळ आली आणि कोट काढून कोचावर बसली, तेव्हा त्यांनी आधी तिला पाणी दिलं आणि मग डबा उघडला.

त्या देशात रीतच तशी आहे. बॉयलर बिघडला की फोन करायचा. मग आधी वेळ येते, आणि ती घरात असेपर्यंत कारागिराने येऊन काम करायचं. ही वेळ आठ ते चारची होती. करड्या कोटातली, मांडीवर पिशवी घेऊन बसणारी, चेहऱ्याने सालस. मराठी चांगलं बोलायची, कारण फोनवर भाषा निवडताना जावयाने, आशुतोषने, मराठीचं बटण दाबलं होतं.

"डिंकाचा लाडू आहे. मुक्तासाठी केलेत, पण एक घ्या," नलिनीताई म्हणाल्या.

"कामावर असताना आम्हाला खाता येत नाही."

"मग पिशवीत ठेवा. रिकाम्या हाताने नाही पाठवायची मी."

वेळेने लाडू पिशवीत ठेवला. दिवसभर ती खिडकीबाहेरचं बर्फ बघत बसली आणि चारला उठून गेली. तिची पावलं जिन्यात वाजत होती तोच कारागीर वर आला. हातात अवजारांची पेटी, अंगाने भरलेला, दमलेला माणूस. त्याने कोचाकडे पाहिलं.

"वेळ कुठाय?"

"आत्ताच गेली. जिन्यात भेटली असेल की."

"भेटली. पण बॉयलर जिन्यात नाही ना, बाई."

"अहो, तुम्ही आलात, बंब इथे आहे, मी इथे आहे. तेवढं बघून जा."

"वेळ नसताना हात लावला तर नोकरी जाईल माझी," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. नलिनीताईंनी त्याच्याही हातावर लाडू ठेवला.

आशुतोषने तक्रार केली. "आई, कंपनीवाले म्हणाले, वेळ वेळेवर आली होती ना? मी हो म्हटलं. मग म्हणाले, तुमची तक्रार नाहीच."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक यू म्हणालो."

"तुम्ही म्हणजे अगदी इथलेच झालात, आशुतोषराव."

पुढच्या मंगळवारी तेच झालं. वेळ आली, शंकरपाळे पिशवीत गेले, चारला ती गेली, कारागीर जिन्यात टोपी काढून तिला मान देऊन वर आला आणि तसाच परत गेला. त्याच आठवड्यात मुक्ताला मुलगी झाली. दोघींना पुढच्या बुधवारी घरी सोडणार होते. नलिनीताईंनी तेल आणून ठेवलं होतं, शेपा भाजल्या होत्या, बाळाची लंगोटं घडी घालून ठेवली होती. सगळं होतं, फक्त कढत पाणी नव्हतं. पातेल्यात तापवलेलं पाणी न्हाणीघरात नेईपर्यंत कोमट व्हायचं. असल्या गारठ्यात ओल्या बाळंतिणीला न्हाऊ घालायचं कसं, या काळजीने त्यांना जेवण जाईना.

बुधवारच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा आली. नेमकं त्या दिवशी घरात खाऊ उरला नव्हता. बर्फामुळे दुकान बंद होतं. होतं ते दही, आणि तेही मोठ्या कष्टाने लागलेलं. थंडीत विरजण लागेना म्हणून त्यांनी भांडं गोधडीत गुंडाळून रात्रभर कुशीत घेतलं होतं.

चारला वेळ कोट घालून दाराशी उभी राहिली. नलिनीताईंनी तिच्या उजव्या हातावर चमचाभर दही घातलं.

"हे पिशवीत राहायचं नाही," वेळ म्हणाली.

"नाहीच राहायचं. चाटून घ्या. आता चार वाजले, तुमची ड्यूटी संपली."

वेळेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. "पण दहीच का?"

"आमच्याकडे गणपती निघाला की त्याच्याही हातावर ठेवतात. परत यावं म्हणून."

"आम्ही परत येत नाही. पुढच्या मंगळवारी जी येते, ती दुसरीच असते."

"असू दे. मी आपलं माझं करते."

वेळ हात सांभाळत जिना उतरू लागली. नलिनीताईंनी दार लोटलं आणि बरोबर आणलेल्या अन्नपूर्णेपुढे जाऊन बसल्या. काही मागितलं नाही. मागायचं ते आधीच मागून झालं होतं.

बेल वाजली. दारात वेळ उभी होती, ओठाला पांढरं लागलेलं. मागे पेटी घेऊन कारागीर.

"मी दही खाल्लं," ती म्हणाली. "मला परत यावं लागलं."

ती कोचावर बसली. कारागिराने तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, तेव्हा त्याने बाह्या सरसावल्या आणि बॉयलरचं झाकण काढलं.

"किती वाजेपर्यंत आहात?" त्याने काम करता करता विचारलं.

"ते आता माझ्याकडे नाही. यांना विचारा."

"काम होईपर्यंत," नलिनीताई म्हणाल्या आणि चहा ठेवला.

काम लवकरच झालं. नळाखाली धरलेला हात नलिनीताईंनी चटकन मागे घेतला, इतकं पाणी कढत होतं. निघताना वेळेने स्वतःहून हात पुढे केला. त्यांनी भांड्यातलं उरलेलं दही तिच्या हातावर घातलं.

बुधवारी मुक्ता घरी आली. पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ घातलं तेव्हा करडा कोट खुंटीला होता आणि वेळ टॉवेल धरून उभी होती. आता ती रोजच येते. बाळ तिच्याकडे रडत नाही.

नलिनीताईंचा नवस जसा फळाला आला, तसा तुमचाही येवो. तुमच्या दारी अशी कुणी आली, तर तिच्या जाण्याआधी तुम्हीही तेवढं करा. दही घरात लावलेलं असावं. आणि ते पिशवीत ठेवू देऊ नका, समोर चाटायला लावा.