झाड तोडणाऱ्यांची रांग

वखारवाला फाटकातून आत आला तेव्हा दातांचे डॉक्टर अंगणात तुतीखाली चहा पीत उभे होते, आणि लपायला त्यांच्याजवळ कपबशीखेरीज काही नव्हतं.

घराची पुढची खोली म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना. त्यापुढे अंगण, अंगणात खिडकीला टेकलेली तुती आणि कोपऱ्यात विजेच्या तारांपर्यंत पोचलेली निलगिरी. या दोन झाडांवर डॉक्टरांचा फार जीव. आणि वखारवाल्याचा डोळा. डॉक्टरांची अडचण अशी, की त्यांना माणसाला तोंडावर 'नाही' म्हणता येत नसे. 'नाही' म्हणायची वेळ आली की घसा कोरडा पडे आणि तोंडून 'बघू' एवढंच निघे. 'बघू' म्हटलं की माणूस पुन्हा बघायला येतो, हे वखारवाल्याने सिद्ध करून दाखवलं होतं.

"डॉक्टर, आज करवत घेऊनच आलोय," तो म्हणाला. "तुमचं 'बघू' झालं असेल तर निलगिरीपासून सुरुवात करतो. लाकूड सरळ आहे, वाया जाईल."

डॉक्टरांनी घसा साफ केला. 'ब' ओठांवर आलाच होता, तेवढ्यात त्यांची नजर वखारवाल्याच्या गालाकडे गेली.

"डावीकडे सूज आहे तुमच्या."

"येते ती अधूनमधून. मिठाच्या पाण्याने गुळण्या करतो, जाते."

"आत या जरा."

"अहो, पण झाडाचं..."

"आत बोलू."

आत फक्त डॉक्टर बोलले. खुर्चीशेजारी उभे राहिले की त्यांची जीभ मोकळी सुटे, कारण समोरच्याची बांधलेली असे. वखारवाल्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि डॉक्टरांची दोन बोटं असताना त्यांनी त्याला निलगिरीच्या सावलीपासून तुतीवरच्या पाखरांपर्यंत सगळं ऐकवलं, आणि शेवटी पकड हातात घेऊन विचारलं, "तर माझ्या झाडांना हात लावायचा नाही. कळलं?"

"आँ," वखारवाला म्हणाला.

डॉक्टरांनी तो होकार धरला आणि दाढ उपटली. बांधलेल्या माणसाला उपदेश केल्याची मग त्यांनाच लाज वाटली, म्हणून पैसे घेतले नाहीत. वखारवाला एका हाताने गाल आणि दुसऱ्या हाताने करवत धरून मुकाट्याने निघून गेला.

दवाखान्याचा दरवाजा आणि रोग्यांच्या वेळा डॉक्टरांची बायको सांभाळायची. तिने विचारलं, "पैसे?"

"अगं, झाड वाचलं."

"बरं," ती म्हणाली. एका दाढेत एक झाड, हा सौदा तिलाही वाईट वाटला नाही.

मग शेजारच्या बाई आल्या. बाईंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. त्यांनी वाळत घातलेली चादर खांद्यावरून आणली आणि डॉक्टरांपुढे पसरली. तुती खाऊन पाखरांनी तिच्यावर जांभळे डाग पाडले होते.

"हे बघा. हे खंड आणि ही बेटं. रोज नवा नकाशा. माझ्या भिंतीवरून आलेली ती फांदी आजच्या आज उतरवा, नाहीतर मी माणूस लावून तोडून घेते."

तक्रार रास्त होती, म्हणून डॉक्टरांचा घसा नेहमीपेक्षा जास्त कोरडा पडला. पण बाई बोलताना उजवा गाल सांभाळत होत्या, हेही त्यांनी टिपलं.

"बाई, तुम्ही एकाच बाजूने चावता का?"

"वर्ष झालं. त्याचा इथे काय संबंध?"

संबंध होता. दाढ आतून पोखरली होती, मुळापर्यंत साफ करावी लागणार होती. ते काम एका बैठकीत होण्यासारखं नव्हतं. अर्धं झाल्यावर डॉक्टरांनी तात्पुरतं सिमेंट भरलं आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. चादरीची भरपाई म्हणून पैसे नकोत म्हणाले. बाईंनी चादरीची घडी घातली.

"फांदीचं मग बघू," त्या म्हणाल्या. "आधी दाढ होऊ दे."

इथवर सगळं ठीक होतं. पण वखारवाल्याचा गाल उतरला आणि तो बोलायला लागला. त्याने खरं तर तक्रारच केली: झाड तोडायला गेलो तर दाढ काढून पाठवलं, वर पैसेही घेतले नाहीत. ऐकणाऱ्यांनी त्यातलं कामाचं तेवढं उचललं.

दुसऱ्या दिवशी एक हमाल कुऱ्हाड घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ बेकरीवाला पाव कापायची लांब सुरी घेऊन आला. बसचा कंडक्टर कुणाचा तरी विळा मागून घेऊन आला. एक आजीबाई भरतकामाची कात्री घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मला काही झाड झेपायचं नाही बाई, मी आपली पानं तोडीन."

डॉक्टरांची बायको दारात उभी राहून चौकशी करू लागली.

"काय काम आहे?"

"झाड तोडायचंय," हमाल गाल धरून म्हणाला.

"कुठलं?"

"खालचं. मागून दुसरं."

त्याला आत घ्यावं लागलं. कारण न घ्यावं तर तो खरोखरच अंगणात जाऊन कुऱ्हाड उगारायचा, अशी डॉक्टरांना भीती. आणि घेतलं तर बाहेरचे चारजण बघत. रांग दवाखान्याच्या पायरीपासून निघून तुतीला वळसा घालून फाटकाबाहेर गेली. हत्यारं झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवायची पद्धत पडली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, तुतीचा आज निकाल लागणार.

सगळ्यात वाईट वाटलं ते बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांचं. ते डॉक्टरांचे जुने, पैसे देणारे रोगी. ते आले, खुर्चीत बसण्याआधी इकडेतिकडे पाहिलं आणि मिटलेल्या छत्रीतून भाजी चिरायची सुरी काढून टेबलावर ठेवली.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," डॉक्टरांची बायको म्हणाली.

"माझीही नव्हती," साहेब म्हणाले. "पण सगळे आणतात हो. पैसे देणारा मी एकटाच म्हणजे मीच मूर्ख ठरतो."

त्या दुपारी बायकोने कापसाचं रिकामं खोकं डॉक्टरांसमोर ठेवलं.

"अहो, कापूस संपला. भूल द्यायचं औषध संपत आलं. तुमची झाडं उभी आहेत, आपण आडवे होणार."

"मग काय करू? नाही म्हणू?"

"तुम्हाला जमणार आहे का? त्यापेक्षा हो म्हणा. उद्या पहिला जो येईल त्याला सांगायचं, तोडा. खुशाल तोडा. एकही माणूस कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. मग मी सांगते, तोडायचं नसेल तर दातांचे पैसे ठेवा."

"आणि खरंच तोडलं तर?"

"भरतकामाच्या कात्रीने निलगिरी पडते का कधी?"

डॉक्टरांना पटलं. 'नाही' म्हणण्यापेक्षा हे किती तरी सोपं होतं. आंघोळ करताना त्यांनी 'तोडा' म्हणायचा सरावही केला. आवाज चांगला लागत होता.

सकाळी दवाखाना उघडला. बायको बाहेर रांग लावत होती, डॉक्टर बेसिनकडे तोंड करून हत्यारं धूत होते. मागे पावलं वाजली.

"झाडासाठी आलोय," कुणी तरी म्हणालं.

"तोडा," डॉक्टर मान न वळवता म्हणाले. "खुशाल तोडा."

"मुळापासून?"

"मुळापासून." डॉक्टरांना आता जोर चढला होता. "परवानगी कसली मागता? जा, सुरू करा."

"कमाल आहे तुमची. लोक दगड घेऊन धावतात आमच्या अंगावर."

डॉक्टर वळले. दारात वीज कंपनीचा सुपरवायझर उभा होता. त्याच्या मागे दोन लाइनमन, एकाच्या हातात मोटरवर चालणारी करवत. फाटकाबाहेर शिडीचा ट्रक. रांगेतल्या लोकांनी गणवेश बघून वाट दिली होती.

"निलगिरी तारांना लागतेय," सुपरवायझर म्हणाला. "उडवून टाकतो. थँक यू, डॉक्टर."

डॉक्टरांच्या घशाचं पार वाळवंट झालं. 'बघू'सुद्धा फुटेना. शेवटी त्यांनी जे येत होतं ते केलं. खुर्चीकडे हात दाखवून म्हणाले, "बसा ना. आलाच आहात तर दात तपासून देतो."

सुपरवायझरने तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही डॉक्टरांच्या तळहातावर ठेवल्या.

"हे घ्या तपाशून," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "मी तोवर बाहेर काम शुरू करतो."

डॉक्टर हातात कवळ्या घेऊन त्याच्या मागे धावले. लाइनमनने शिडी निलगिरीला लावली होती. पण शिडीच्या पहिल्याच पायरीवर हमाल बसला होता.

"ऊठ," लाइनमन म्हणाला.

"का? मी काल दुपारपासून नंबर लावलाय. हे झाड तोडायला मी आधी आलोय."

"मग तोड ना."

हमालाने झाडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तोडीन की. आधी राहिलेला वरचा दात दाखवून येतो, मग तोडीन."

"त्याच्यानंतर माझा नंबर," बेकरीवाला म्हणाला.

"आणि मग माझा," आजीबाई म्हणाल्या. "रांग मोडून काम करायचं म्हणजे काय? आम्ही कुणी नाहीच का?"

सुपरवायझरने पुढे असलेल्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांच्या हातात काही ना काही धारदार होतं. त्याने हळूच विचारलं, "एवढे शगळे झाड तोडायला आलेत?"

"सगळे," डॉक्टरांची बायको म्हणाली. तिच्या बेताचं काय झालं ते एव्हाना तिच्या लक्षात आलं होतं आणि ती क्षणात बाजू बदलून उभी होती. "तुमचा नंबर पुढच्या महिन्यात लागेल. उभे राहा तिथे मागे, फाटकाबाहेर."

तेवढ्यात शेजारच्या बाई भिंतीपलीकडून डोकावल्या. सुपरवायझरला हायसं वाटलं. "तुम्ही शेजारी ना? तुमचीच तक्रार आहे म्हणे या झाडांबद्दल."

"होती," बाई म्हणाल्या. "पण माझी दाढ अजून अर्धीच झालीय. ती पुरी होईपर्यंत इथल्या एका पानाला कुणी हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे."

बाईंचा आवाज वर्गातला होता. दोन्ही लाइनमन सरळ उभे राहिले. त्यांतला एक बहुधा त्यांचा विद्यार्थी असावा, कारण त्याने करवत पाठीमागे लपवली.

सुपरवायझरने डॉक्टरांच्या हातून कवळ्या घेतल्या, बसवल्या आणि तारांकडे बघत विचार केला. "राहू दे. तारा पलीकडच्या बाजूने घेतो," तो स्पष्ट उच्चारात म्हणाला. "उद्या येतो." ट्रक गेला.

डॉक्टरांच्या बायकोने ही संधी वाया घालवली नाही. पायरीवर उभी राहून ती म्हणाली, "आता झाडाला धोका राहिला नाही. तोडायला आलात काय आणि न आलात काय, उद्यापासून दातांचे पैसे पडतील." रांगेत चुळबुळ झाली, पण कुणी वाद घातला नाही. हमाल तर जाताना कुऱ्हाडही विसरून गेला.

संध्याकाळी डॉक्टर तुतीखाली निवांत बसले होते, तेव्हा रस्त्यापलीकडचा शिंपी आला. गळ्यात टेप तशीच होती.

"डॉक्टर, तारा माझ्या बाजूला येतायत. माझा अंजीर मधे येतो. उद्या सकाळी तोडणार म्हणतात."

डॉक्टरांना अपराध्यासारखं झालं. "मी काय करू शकतो?"

"एका दिवसासाठी तुमची रांग द्या," शिंपी म्हणाला. "फाटकं, उसवलेलं जे आणतील ते फुकट शिवून देतो. फक्त प्रत्येकाने हातात काही तरी घेऊन या म्हणावं."

निरोप द्यायला फार वेळ लागला नाही. सकाळी वीज कंपनीचा ट्रक वळणावर दिसला तेव्हा शिंप्याच्या दुकानापासून अंजिराला वळसा घालून रांग रस्त्यापर्यंत आली होती. बेकरीवाल्याच्या बगलेत फाटका सदरा होता, साहेबांच्या छत्रीवर उसवलेली विजार. शेजारच्या बाई चादर घेऊन उभ्या होत्या. डाग कापून काढून तिचे अभ्रे करता येतील, असं त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

डॉक्टर खिडकीतून कौतुकाने बघत होते. मागून बायको आली. तिच्या हातात त्यांचा कोट होता.

"बाहीचं अस्तर केव्हाचं लोंबतंय. जा, नंबर लावा."

"मी? अगं, मी झाडं वाचवणारा माणूस."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि हमालाची कुऱ्हाड त्यांच्या हातात दिली. "पण रिकाम्या हाताने घेणार नाहीत तिथे."