पडद्यावरची डबलबारी

तन्वीच्या गेममधल्या माणसाचा जीव पडद्यावर बोटभर उरला होता, समोरच्याचाही तेवढाच, आणि नेमकी तेव्हाच गुणाजीबुवांनी पेटी थांबवली. मी झांज वाजवत होते. त्यांचा हात थांबला तशी मी थांबले, पखवाजवाला थांबला, आणि मागे बसलेली सगळी बी विंग 'वाजवा, वाजवा' म्हणून ओरडायला लागली. बुवा पेटीवर हात ठेवून मख्ख बसले.

तन्वी ही बुवांची नात. कॉलेज करते आणि उरलेल्या वेळात टीव्हीवर मारामारीचा गेम खेळते. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत यंदा पूजेला पोरांनी नवीनच टूम काढली. दोन विंगांनी मोठ्या पडद्यावर गेम खेळायचा, आणि ज्याने त्याने आपलं गाणंबजावणं खेळाबरोबर तिथल्या तिथे करायचं. निम्मे मार्क खेळाला, निम्मे वाजवण्याला. ए विंगकडे गिटार, ड्रम आणि निळ्या केसांचा गायक. आमच्या बी विंगचा बँड ऐन वेळी लग्नाच्या ऑर्डरला पळाला. तन्वी रडवेली होऊन बसली. बुवांनी तिला एवढंच विचारलं, "समोर कोण आसा?"

हा त्यांचा जन्माचा प्रश्न. कोकणात दोन भजनी बुवा आपापली पार्टी घेऊन समोरासमोर बसतात, गाण्यातून एकमेकांना प्रश्न घालतात, चिमटे काढतात, त्याला डबलबारी म्हणतात. बुवांना सगळं जगच डबलबारी दिसतं. माझा आणि शेजारणीचा कुकर एकदम शिट्ट्या द्यायला लागला की हे पॅसेजमध्ये उभे राहून निकाल देतात. एकदा त्यांच्या दाढेवर दोन डॉक्टरांनी दोन मतं दिली, तर दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवा म्हणून हटून बसले. दाढ अजून तशीच आहे. आमच्याकडे लिफ्ट दोन आहेत. त्यातली हरलेली बुवा वापरत नाहीत.

तीस वर्षं त्यांच्या समोरचा बुवा होता माझा नवरा, दाजी. दोन्ही घरं एकाच मजल्यावर. स्टेजवर एकमेकांची लाज काढायची आणि घरी येऊन एका ताटलीतली भजी खायची. नवरा गेला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून बुवांची पेटी कपाटावर चादरीखाली होती. मी कधी विचारलं नाही. माणसाला वाजवायचं नसेल तर नसेल.

ती पेटी नातीसाठी खाली उतरली. नवऱ्याच्या सरावाला घरी झांज मीच धरायचे, म्हणून मलाही ओढलं. नाहीतर त्या मारामारीचं मला काय कौतुक.

सराव म्हणजे तमाशाच. तन्वीचा पडद्यावरचा माणूस उघडाबंब, दंडाला पट्टा. बुवांनी आधी त्याचं गाव विचारलं. गावच नाही म्हटल्यावर ते हळहळले आणि त्याला परस्पर कणकवलीचा करून टाकला. मग तन्वीला शिकवायला लागले, "पयलो प्रस्न घाल गो, मगे मार." ती म्हणाली, आजोबा, प्रश्न घालायचं बटण नसतं. तर बुवांनी प्रश्न स्वतःच रचले आणि भजनाच्या गजरात बसवले:

"लाथ मारतंस गड्या, तुझी चप्पल खंय रे?
तीन वेळा मेलंस, तुझो बारावो खंय रे?"

तन्वी हसून जमिनीवर लोळली. पण एक झालं. गजर चढत गेला की तिची बोटं ठेक्यावर पडायला लागली आणि कणकवलीकर तालात मारायला लागला. पूजेच्या आदल्या दिवशी तिने बिल्डिंगमधल्या सगळ्यांना हरवलं.

पूजेच्या दिवशी बुवा कोट घालून आले. आधी गणपतीचं नमन, मग नारळ, मग गेम. ए विंगवाले आधी हसले. पहिली फेरी आम्ही जिंकलो तसे गप्प झाले. दुसरी त्यांनी मारली. तिसरीला बुवांनी बाराव्याचा गजर असा चढवला की मंडपातल्या बायका टाळ्या धरून डोलायला लागल्या आणि आमचा खजिनदार, जो कधी दात दाखवत नाही, तो खुर्चीवर उभा राहिला. ए विंगचा ड्रमवालाही चुकून आमच्याच ठेक्यात वाजवायला लागला.

तेवढ्यात त्यांची वायर जळाली. गिटार मेली, माइक मेला. निळ्या केसांचा पोरगा तोंड हलवतोय आणि आवाज नाही. बुवांनी ते बघितलं आणि पेटी थांबवली.

ठेका गेला तशी तन्वीची बोटं गेली. कणकवलीकर आडवा झाला. वाजवणं मध्येच सोडलं म्हणून परीक्षकांनी आमचे मार्कही कापले. ढाल ए विंगने नेली. तन्वी तीन दिवस आजोबांशी बोलली नाही. सेक्रेटरी म्हणाला, वय झालं, हात गळाला असेल.

चौथ्या दिवशी मी बुवांच्या घरी जाऊन सरळ विचारलं, हाताला काय झालं?

"हाताक काय्येक नाय," बुवा म्हणाले. "समोरच्याचो आवाज गेलो तर आपण वाजवूचा नसता, वयनी." मग पेटीवरची चादर सारखी करत म्हणाले, "दाजीचो गेलो तेव्हा मी वाजवीत रवलंय. माका थांबाक व्हया होता."

माझ्या नवऱ्याची शेवटची बारी वाकोल्याला झाली. मध्येच त्याचा आवाज फुटला. तोंड हलत होतं, शब्द येत नव्हता. समोरून बुवा चढत गेले आणि जिंकले. पुढे तपासण्या झाल्या, घशाचं दुखणं निघालं आणि वर्षाच्या आत तो गेला. आणि हा माणूस चार वर्षं तेच घेऊन बसला होता.

मी म्हटलं, "थांबला असतात ना, तर त्याने तुम्हाला दारात उभं केलं नसतं. त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाला, आज गुणाजी झकास गायला."

बुवांनी उपरण्याने नाक पुसलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, खरंच तसं म्हणाला? मी म्हटलं, मला खोटं बोलायची सवय नाही.

वाकोल्याच्या त्या बारीला दोन्हीकडची माणसं बसली होती. पण त्या रात्री घरी येऊनही दाजीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, हे ठाऊक आहे ते पहिल्या रांगेत बसलेल्या मलाच.