येऊन राहिली

सुकरू मामाजी कोणी येत नसलं तरी वाट सोडायचे. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, चालता चालता थांबायचे, काठी पोटाशी धरून कडेला उभे राहायचे आणि म्हणायचे, "सरा, येऊन राहिली." मग एखादं माणूस जाईल इतका वेळ गेला की पुन्हा चालू लागायचे.

दरेकशाला आमचं किराणा दुकान स्टेशनासमोर. मामाजी आमच्या नात्यातले नव्हेत, पण सासऱ्यांच्या वयाचे, म्हणून मामाजी. बोगद्याच्या तोंडाशी झेंडी दाखवायची त्यांची नोकरी. गाडी दिसण्याआधीच त्यांना रुळांवरून कळायचं, आणि "येऊन राहिली" इतक्या वेळा म्हणायचे की लोक त्यांना गाडीबाबाच म्हणत.

नोकरी गेली तरी ते शब्द गेले नाहीत. दुकानात तांदळाच्या पोत्यावर कोणी बसलं की त्याला उठवायचे. "ऊठ बापा, येऊन राहिली."

"आता गाडी दुकानातून जाते का, बाबा?" असं चिडवत लोक उठायचे. पण उठायचे. एकदा आमगावचा एक व्यापारी उठला नाही. "मी तिकीट काढून बसलो," म्हणाला. सगळे हसले. थोड्या वेळाने तो आपणच उठला आणि हात चोळत विचारू लागला, "हे पोतं इतकं थंड काऊन आहे?" वैशाख होता.

नोकरी गेली ती अशी. एका दुपारी त्यांनी पॅसेंजरला लाल झेंडी दाखवली. गाडी बोगद्याच्या तोंडाशी थांबली. रुळावर काहीच नव्हतं. पहिल्या वर्गातल्या साहेबाच्या कोटावर चहा सांडला, तेवढंच. दारू पिऊन कामावर होता असं लिहून कंपनीने त्यांना काढलं आणि जन्मभराच्या नोकरीमागे मिळायचे पैसेही अडवले. मामाजी दारूला शिवत नसत. मोहाच्या दारूच्या मुलखात तेच लोकांना वेडेपणाचं वाटे.

त्यांनी अर्ज केला, तेव्हा गोंदियाहून रेल्वेचा बाबू चौकशीला आला. स्टेशनच्या ओसरीत त्याला बसायला खुर्ची आमच्याच दुकानातून नेली. मी तिथल्याच दाराआडून ऐकत होते.

"लाल झंडी क्यों दिखाई?"

"येऊन राहिली होती."

"गाडी आ रही थी, इसलिए गाडी रोकी?"

जमलेले लोक हसले.

"गाडी नाही, बाबू."

"फिर कौन? नाम बोलो."

मामाजींनी ओठ मिटून घेतले. बाबू पुन्हा पुन्हा विचारत राहिला, ते खाली बघत राहिले.

मला एकदम कळलं. मीही आमच्या ह्यांचं नाव घेत नाही, आणि आमच्याकडे पुरुषही बायकोचं नाव घेत नाहीत. माणूस असे ओठ मिटतो ते एकाच नावापुढे.

मामाजींची बायको, मामी, त्यांच्यासाठी रोज पेज घेऊन बोगद्यातून यायची. डोंगरावरून फार फेरा पडे. लाल झेंडीच्या काही वर्षं आधी एक दिवस ती उशिरा निघाली आणि बोगद्यातून बाहेर आलीच नाही. त्या दिवशी गाडीला हिरवी झेंडी मामाजींनीच दाखवली होती.

बाबू वाईट नव्हता. म्हणाला, "लिख देता हूँ, कोई नहीं थी, आँख को धोखा हुआ. दारू की बात काट दूँगा. पैसा मिल जाएगा." त्याने अंगठ्यासाठी शाई पुढे सरकवली.

मामाजींच्या झोपडीच्या छपरावर धड कवेलू उरले नव्हते. लोक म्हणाले, "म्हण ना बाबा, कोणी नव्हती. तुझं काय जाते?"

मामाजींनी अंगठा पुढे नेला. मग मान वळवून बोगद्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"कसं म्हणू? ऐकून राहिली ना."

या वेळी कोणी हसलं नाही. ओसरीत झोपलेलं कुत्रं उठलं आणि बाजूला झालं.

पैसे गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवशी मामाजी दुकानात आले तेव्हा मी एकटीच होते. ते उंबऱ्याशी उभे राहिले. पोत्यावर माझं सूप होतं. मी ते उचललं, पदराने धूळ झटकली. मग बाजूला सरले.

मामाजी त्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"बस," ते हळूच म्हणाले. "दमली असशील."

पोत्यातले तांदूळ सळसळत खाली बसले.