नानांचं मनगट

आमच्या वारज्याच्या सोसायटीत रोज संध्याकाळी गच्चीवर मासेमारी चालते. इथून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो, आणि मासेमाराच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. तरी चालते.

मासेमाराचं नाव नाना बापट. जन्म सदाशिव पेठेत, नोकरी शाळेत भूमिती शिकवण्याची. वहिनी गेल्यावर ते मुलाच्या फ्लॅटवर, म्हणजे माझ्या शेजारी राहायला आले.

पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून ते एक लांबलचक, लवचीक काठी हलवतात. दोरी मागे जाते, हवेत सरळ होते, पुढे येते, आणि तिच्या टोकाची खोटी कोळंबी लांब ठेवलेल्या पोह्यांच्या डब्याच्या झाकणात उतरते. झाकण म्हणजे मासा. कोळंबी नाना स्वतः बांधतात, कबुतराची पिसं आणि वहिनींच्या जुन्या साडीची जर वापरून. खरी कोळंबी त्यांनी जन्मात पाहिलेली नाही.

"नाना, ही राखी दिसतेय," मी म्हणालो.

"तुम्ही मासा आहात का?"

विषय मिटला.

या खेळात पकडलेला मासा परत पाण्यात सोडतात, हे कळल्यावर मी विचारलं, "मग पकडायचा कशाला?"

"तुम्ही पर्वती चढता ना? वर राहता का?"

एकदा वाऱ्याने दोरी भरकटली आणि गळ फडकेकाकूंच्या वाळत घातलेल्या साडीत अडकला. नानांनी तो हळूच सोडवला आणि साडी परत दोरीवर घातली. खेळाचा नियमच तसा होता. काकू मात्र महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

हे खूळ मुलाचं. मंदार हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीने अमेरिकेला पाठवलं, तेव्हा तिथल्या साहेबाने त्याला हा खेळ शिकवला. साहेब दर वर्षी विषुववृत्ताजवळच्या एका बेटावर जातो. किनाऱ्यावर चार लाकडी खोल्या, समोर गुडघाभर निळं पाणी, बाकी जग गायब. मंदार वडिलांना म्हणाला, "बाबा, आपण दोघं जाऊ. फक्त गळ टाकायला शिका, नाहीतर तिथे नुसते बसून राहाल."

नाना शिकायला लागले, कारण आठवडाभर मुलगा मिळणार होता. एरवी बापलेक एका घरात राहूनही भेटत नाहीत. सकाळी कंपनीची बस येते तेव्हा नाना पूजेत असतात. मंदार घरी येतो तो कानाला फोन लावून. "जेवताना भाजी हवी असली की हाताने खूण करतो," नाना मला म्हणाले होते. "आपल्याला मराठी येतं हे विसरलाय बहुतेक."

मंदारने संगणकावर धडे लावून दिले. त्यातला पहिला नियम नानांच्या अंगात भिनला: दोरी टाकताना मनगट मोडायचं नाही, ताठ ठेवायचं. मग तो सगळ्यांना लागू झाला. पोळ्या लाटणाऱ्या मावशींना, "मनगट मोडताय." मी स्कूटरची किक मारत होतो तर मलाही, "मनगट बघा." पायाने मारतात हो किक.

दोनदा जाणं रद्द झालं. दोन्ही वेळा कंपनीत काहीतरी पेटलं होतं. "काम आहे त्याला," एवढंच म्हणून नाना काठी घेऊन गच्चीवर गेले. तिसऱ्या वर्षी तिकिटं आली, तोवर त्यांचा हात असा बसला होता की वारज्याच्या सुसाट वाऱ्यातही कोळंबी झाकणात पडे, आणि आवाज येत नसे. निघायच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम झाकण हलवून हलवून ठेवलं. एकदाही चुकले नाहीत.

परत आल्यावर नानांनी मला चहाला बोलावलं. मंदारही घरी होता, उन्हाने चांगला रापलेला.

"काय रे, किती मासे?"

"बाबांना एकही नाही," तो हसला. "काका, त्यांना जमलंच नाही हो. तिथे प्रत्येकाला वेगळी होडी, वेगळा वाटाड्या असतो. मी पलीकडच्या खाडीत जाणार होतो. पण पहिल्याच सकाळी यांचं मनगट मोडायला लागलं. म्हटलं, यांना एकटं कसं सोडायचं? मग सगळा आठवडा यांच्या मागे उभा राहिलो. हात धरून शिकवलं, लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवतात ना, तसं."

"दिवसभर?"

"हो ना. आणि गप्पा. आईच्या कितीतरी गोष्टी मला ठाऊकच नव्हत्या. पुढच्या वर्षी परत नेणार आहे. अजून खूप शिकवायला लागेल यांना."

मी नानांकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलंही होतं.

"चहा घ्या," नाना म्हणाले.

आणि त्यांनी किटली चांगली हातभर उंच धरून माझ्या कपात चहा ओतला. मनगट ताठ. बशीत एक थेंब नाही.

मी चहा घेतला.