दोन मीटर वाढलेलं जहाज

दोन हजार वर्षं समुद्राच्या तळाशी निपचित पडलेलं जहाज एका वर्षात दोन मीटर वाढलं होतं. सूनबाईंनी डोळे चोळून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी पाणबुड्यांनी फीत लावली तेव्हा ते तेवीस मीटर भरलं होतं. आज संगणक पंचवीस म्हणत होता.

सूनबाईंच्या हातात मोठं कसब होतं. पाण्याखाली उलटंसुलटं तरंगत त्यांनी जहाजाचे चार हजार फोटो काढले होते आणि संगणकाने ते जुळवून फळीन् फळी उभी केली होती. आकार फोटोंतून मिळाला. माप मात्र शेजारी ठेवलेल्या एक मीटरच्या काळ्यापांढऱ्या काठीवरून. अकरा वाजता संग्रहालयाच्या संचालकबाई व्हिडिओवर हे सगळं बघणार होत्या. माप चुकलं तर पुढच्या वर्षीची मोहीम रद्द, असं त्यांनी बजावलं होतं. साडेदहा वाजून गेले होते.

"बाबा, माझी काठी कुठाय?"

सासरे शिंपीकामातून निवृत्त झाले होते, म्हणजे दुकान बंद झालं होतं; हात काही स्वस्थ बसत नव्हते.

"दाराआड आहे की. मोहिमेआधी नीट करून दिली ना मी. टोकाला चिरली होती. कापली, घासली, पट्टे पुन्हा सारखे रंगवले."

"कापली?"

"चार बोटं. काठीला काय होतंय त्याने?"

"बाबा, गिऱ्हाइकाची बाही कधी चार बोटं कमी कापलीत?"

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ते आत गेले आणि डब्यातून लाकडाचा एक तुकडा घेऊन आले.

"कातरण मी टाकत नाही," ते पुटपुटले.

तुकडा आठ सेंटिमीटर भरला. म्हणजे काठी ब्याण्णवची. सूनबाईंनी आकडा बदलला आणि जहाज गुमान तेवीसवर आलं. त्यांना सासऱ्यांचा राग यावा की त्यांच्या पाया पडावं, तेच कळेना.

अकराला सूनबाईंनी आधी काठीची गोष्ट सांगून टाकली, मग जहाज सावकाश फिरवलं. संचालकबाई थक्क होऊन बघत राहिल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब, जरा मागे घे. ते ठिगळ आहे."

"बाबा, अहो..."

"बघ ना. या फळीला नको तिथे भोकं आहेत. आधी दुसरीकडे कुठेतरी लागलेली ही. जपून ठेवली आणि इथे बेमालूम बसवली. काय कारागीर असेल, वा!"

चार हजार फोटो काढताना सूनबाईंना जे दिसलं नव्हतं, ते म्हाताऱ्याने चष्मा न लावता पाहिलं होतं. संचालकबाई भराभर लिहून घेत होत्या.

"हे कोण?"

"काठी कापणारे," सूनबाई म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी त्यांनाही आणा," संचालकबाई म्हणाल्या. "आणि काठी लोखंडाची आणा."