झेंडूच्या जोरावर चाललेली मोटार

विजेची यंत्रं शिकवण्यात अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नाही! डीसी सिरीज मोटार ओझ्याशिवाय चालू केली, तर तिचा वेग वाढतच जातो आणि शेवटी ती स्वतःचाच चुरा करून घेते. हे मी फळ्यावर असं रंगवतो की मागच्या बाकावरचे झोपाळूसुद्धा डोळे चोळतात.

आता, खरी मोटार मी कधी चालू केली नव्हती. उगाच बिघडली तर? लॅबमध्ये ती बिचारी कव्हर पांघरून सुखात होती. रीडिंग मी फळ्यावरच द्यायचो, तीही एकदम झकास!

दसरा झाला आणि विद्यापीठाची समिती आली. तिनं चांगलं म्हटलं तरच माझी नोकरी कायम होणार होती. बायकोनं निघतानाच बजावलं होतं, "आज तोंड जरा कमी चालवा."

समितीचे अध्यक्ष हिंमतराव सर आमच्या प्राचार्यांबरोबर लॅबमध्ये येताच म्हणाले, "एखादं प्रॅक्टिकल दाखवा."

"एखादं कशाला? म्हणाल ते दाखवतो!"

"मग ही सिरीज मोटार चालवा."

मोटारीवर खंडेनवमीचं हळदीकुंकू तसंच होतं. चाकावर झेंडूचा हा जाडजूड हार! आमचा शिपाई बिराप्पा पूजेत हात आखडत नाही.

"सर, त्यो पट्टा..." शेवटच्या वर्षाची मोनिका पुढं आली.

"मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये!" असं म्हणून मी ऐटीत स्टार्टरची मूठ फिरवली.

मोटार आधी गुणगुणली. मग घुमायला लागली. मग तिनं असा काही सूर लावला की टेबल नाचायला लागलं! हार तुटला. पहिलं फूल हिंमतराव सरांच्या चष्म्यावर, दुसरं प्राचार्यांच्या उघड्या तोंडात, बाकीची थेट छताला!

"बिराप्पा! चाकावरचा ब्रेकचा पट्टा कुठंय?" मी ओरडलो.

"काढून ठिवलाय की! चामड्याचा हाय, पूजेला कसा चालंल सर? अन् हार बी बसंना!"

चाकावर आवळलेला तो पट्टा हेच तर मोटारीचं ओझं! मोटार राहू दे, नोकरीचाच चुरा होताना मला दिसत होता.

हिंमतराव सर टेबलाखाली शिरले होते. पण जन्मभराची परीक्षकाची सवय! तिथूनच ते ओरडले, "ए पोरी, सिरीज मोटार ओझ्याशिवाय चालवली तर काय होतं?"

"हेच होतं सर!" म्हणत मोनिकानं मेन स्विच पाडला.

सर बाहेर आले, कानामागचा झेंडू काढला आणि म्हणाले, "लई भारी प्रॅक्टिकल! पोरं जन्मात इसरणार न्हाईत. नोकरी कायम करू तुमची. पण एक अट हाय. दर गुरुवारी ह्या पोरांसंगं तुम्ही बी लॅबला बसायचं."

बसतोय. परवा माझी तोंडी परीक्षा झाली. घ्यायला मोनिकाच होती.

"सर, मोटार चालू करायच्या आधी काय बघायचं?"

"पट्टा!"

"अन् पट्टा न्हाय दिसला तर?"

मी मान खाली घालून म्हणालो, "मोनिकाला बोलू द्यायचं."

पास केलं बाई तिनं!