पाताळवीराचं पारायण

एका जंगलात सगळे प्राणी दरवर्षी एकच खेळ खेळायचे.

बाळांनो, खेळ म्हणजे लंगडी नाही आणि लपाछपीही नाही. टीव्हीवरचा खेळ. आता बिळात टीव्ही कुठून आला, असं विचारू नका. गोष्टीतल्या हरणाला सोन्याची शिंगं कुठून आली, हे कधी विचारलंत का? मग गप ऐका.

खेळाचं नाव होतं पाताळवीर. पहिल्या भागात काळभुजंग नावाचा साप जंगलाची घंटा चोरून पाताळात नेतो. पाताळवीर उड्या मारत खाली जातो, झुलता पूल ओलांडतो, भुजंगाला मारतो आणि घंटा परत आणतो. दुसऱ्या भागात भुजंग पुन्हा घंटा चोरतो. तिसऱ्यातही चोरतो. असे अकरा भाग झाले. घंटेला एखादं कुलूप लावावं, असं अकरा वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नाही.

जंगलातले खरे सापसुद्धा हा खेळ खेळायचे. भुजंग मेला की तेही आनंदानं शेपट्या आपटायचे.

नवा भाग यायच्या आधी जुने सगळे भाग पहिल्यापासून पुन्हा खेळायचे, अशी तिथली रीत होती. त्याला पारायण म्हणत. पारायण न करता नवा भाग खेळला तर पंगतीला कोणी शेजारी बसू देत नसे. का, ते कोणालाच माहीत नव्हतं.

या जंगलात दोन मुंगूस भाऊ राहायचे. थोरला सुदाम, धाकटा शिरप्या. दोघांत रिमोट एकच. तो शिरप्याच्या हातात असायचा आणि सुदाम त्याच्या उजवीकडे बसायचा. झुलता पूल आला की शिरप्याची गाळण उडायची. पूल हलायला लागला की तो डोळे गच्च मिटायचा आणि रिमोट उजवीकडे धरायचा.

"आण इकडे," सुदाम म्हणायचा.

शिरप्या डोळे उघडायचा तेव्हा पाताळवीर पलीकडे उभा असायचा आणि रिमोट परत त्याच्या हातात आलेला असायचा. अकरा भागांत अकरा पूल होते. शिरप्यानं त्यातला एकही डोळ्यांनी पाहिला नव्हता.

मग बारावा भाग येणार अशी दवंडी पिटली गेली. त्याच आठवड्यात सुदाम तापानं गेला. तीन दिवसांचा ताप.

तापाबद्दल गोष्टीत सांगण्यासारखं काही नसतं. पुढे चला.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला. कावळा पिंडाला शिवला की गेलेला सुटला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा मागे राहिली, असं समजायचं आणि ती पुरी करण्याचं वचन मोठ्यानं द्यायचं. जंगलातही हीच पद्धत होती.

कावळा समोरच्या उंबरावर बसला होता. पिंडाकडे बघत होता, पण उतरत नव्हता.

मामा काठी टेकत पुढे झाला. "सुदामा, बिळाला मागून दुसरं तोंड काढायचं तुझ्या मनात होतं. मी काढून देतो."

कावळ्यानं मान वळवली.

आई पुढे झाली. "बाळा, काळजी करू नकोस. शिरप्याला शाळेत घालते."

कावळा एक फांदी वर सरकला.

ऊन चढलं. भाताला मुंग्या लागायला लागल्या. मावशीनं वचन दिलं, शेजारच्या घोरपडीनं दिलं. कावळा ढिम्म.

शिरप्या मागे उभा होता. बोलण्याआधी विचार करावा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सुदामनं शिकवायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. तो एकदम ओरडला, "दादा, पाताळवीरचा बारावा भाग मी खेळीन. त्याआधी अकराच्या अकरा भाग पुन्हा खेळीन. सगळे पूल मी स्वतः ओलांडीन."

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं. मामानं काठी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला.

आणि कावळा धपकन खाली उतरून भात खायला लागला.

"हे काय बोलून बसलास रे?" आई म्हणाली.

"तोंडातून निघालं."

"मग आता पुरं कर. कावळा तुझ्या शब्दावर शिवलाय, शब्द पुरा होईपर्यंत दादा इथेच घुटमळत राहील. पुरा झाला की सुटेल बिचारा."

बारावा भाग पौर्णिमेला येणार होता. हातात एकोणीस दिवस होते.

दुसऱ्याच दिवशी कोल्हे गुरुजी बिळाच्या तोंडाशी आले. ते पारायण मंडळाचे अध्यक्ष होते.

"शिरपतराव, दुःख झालं," ते म्हणाले. "बरं, सुरुवात कितव्या भागापासून करताय?"

"पहिल्यापासून."

"चूक. चौथ्या भागात पहिल्याच्या आधीची हकीकत आहे. शास्त्राप्रमाणे आधी चौथा, मग पहिला, दुसरा, तिसरा, मग पाचवा."

"दादा पहिल्यापासून खेळायचा."

"तुमचा दादा पहिलेकर होता. पहिलेकरांच्या घरची मुलगी आम्ही चौथेकर करत नाही, माहीत आहे ना?"

शिरप्यानं मातीचं ढेकूळ उचलून गुरुजींच्या नाकावर मारलं. मुलांनो, थोरामोठ्यांना ढेकूळ मारू नये. पण नेम चांगला होता.

शिरप्यानं पहिला भाग लावला. पाताळवीर धावला, उड्या मारल्या, वटवाघळं चुकवली. पूल आला. पूल हलायला लागला. शिरप्यानं डोळे गच्च मिटले आणि रिमोट उजवीकडे धरला.

तो बराच वेळ तसाच धरून बसला.

डोळे उघडले तेव्हा पाताळवीर दरीत पडलेला होता. त्याला काय. तो कपडे झटकून पुन्हा उभा राहिला. त्याला तसं करता यायचं.

"तीन मोजायचे असतात," वरून आवाज आला.

बिळाच्या झरोक्यात कावळा बसला होता. तोच, उंबरावरचा.

"पूल डावीकडे झुकला की एक, दोन, तीन. मग उडी. तुझा दादा शेपटी जमिनीवर आपटून मोजायचा."

"तुम्हाला काय माहीत, कावळेबुवा?"

"अकरा वर्षं इथे बसतोय. तू डोळे मिटायचास, मी नाही."

शिरप्यानं डोळे उघडे ठेवले. शेपटी आपटली. एक, दोन, तीन. पाताळवीर दरीत पडला.

"तीनवर नाही. तीन झाल्यावर."

एकोणतिसाव्या वेळी पाताळवीर पलीकडे पोचला. शिरप्या बघतच राहिला. पुलाच्या मध्यावरून खाली निळी नदी दिसत होती आणि नदीत एक होडी होती. "ही होडी आधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. सुदाम प्रत्येक वेळी म्हणायचा, बघ शिरप्या, होडी. तू बघायचा नाहीस."

मग रोजचं ठरून गेलं. सकाळी कावळा यायचा, संध्याकाळी घरट्यात परत जायचा. आई शेंगा भाजून द्यायची. टरफलं शिरप्याची, दाणे बहुतेक कावळ्याचे. दुसरा भाग झाला, तिसरा झाला. पाचव्या पुलाला पाच मोजायचे होते. सातव्या पुलावर उलटं चालायचं होतं. सुदामनं हे सगळं कुठून शोधून काढलं, देव जाणे. मधूनच कावळा सांगायचा, "इथे तुझा दादा शिवी द्यायचा," आणि शिरप्या तिथे ती शिवी द्यायचा. आई आतून ओरडायची. अगदी पूर्वीसारखं चाललं होतं.

सोळाव्या दिवशी अकरावा भाग सुरू झाला. आणि शिरप्याची गाडी अडली.

म्हणजे पूल अवघड होता असं नाही. पुलापर्यंत तो गेलाच नाही. पुलाच्या अलीकडे एक तळं होतं. पाताळवीर त्या तळ्याभोवती फिरायला लागला. पहिला दिवस फिरला. दुसरा दिवस फिरला.

"पुढे जा," कावळा म्हणाला.

"जातो की."

"परवापासून तळ्याला प्रदक्षिणा घालतोयस. उद्या पौर्णिमा."

"बेडूक मोजतोय."

"किती झाले?"

"चुकले. पुन्हा पहिल्यापासून मोजतो."

कावळा झरोक्यातून उतरून आत आला. तो कधी आत येत नसे. शिरप्याच्या उजवीकडे उभा राहिला. "काय झालं रे?"

शिरप्यानं टीव्हीवरून डोळे काढले नाहीत. "हा पूल झाला की पारायण संपलं. उद्या बारावा भाग. तो झाला की शब्द पुरा. शब्द पुरा झाला की दादा सुटेल."

"मग?"

"सुटला की जाईल ना तो."

तळ्याभोवती आणखी एक फेरी झाली. कावळ्यानं एक दाणा खाल्ला, चोच पुसली.

"शिरप्या, त्या दिवशी मी खाली का उतरलो, माहीत आहे?"

"दादाची इच्छा होती म्हणून."

"तुझ्या मामाच्या हातात काठी होती."

शिरप्यानं आता वळून बघितलं.

"काठीवाल्याच्या पुढ्यातला भात मी खात नाही. माझ्या बापानं शिकवलंय. तू ओरडलास, तुझ्या मामानं काठी ठेवली, मी उतरलो. मेलेल्यांच्या इच्छा मला काय कळणार? मला भात कळतो."

"मग दादाची इच्छा काय होती?"

"झोपायची."

"काय?"

"पाचव्या भागापासून त्याला हा खेळ बघवत नव्हता. तू शेंगा आणायला आत गेलास की डोळे चोळायचा आणि मला म्हणायचा, कावळेबुवा, हे कधी संपायचं हो? पण शिरप्याला आवडतं."

शिरप्याच्या हातातला रिमोट खाली आला. पाताळवीर तळ्यात चालत गेला आणि बुडाला. कोणी लक्ष दिलं नाही.

"मला तर तिसऱ्या भागापासूनच कंटाळा आला होता," शिरप्या म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"दादाला आवडतं म्हणून."

कावळ्यानं चोचीतला दाणा खाली टाकला. मग म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षं या खोलीत खेळ आवडणारा मी एकटाच होतो. आणि मला कोणी रिमोट दिला नाही."

शिरप्या हसायला लागला. पोट धरून हसला, जमिनीवर लोळला, शेंगा सांडल्या. आई धावत आली. तिनं आधी कावळ्याकडे बघितलं, मग पोराकडे. दहा दिवसांत आणि त्यानंतरच्या अठरा दिवसांत तो एकदाही रडला नव्हता, हे तिला माहीत होतं. तिनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि तो पुरता रडून होईपर्यंत सांडलेल्या शेंगा वेचत बसली.

मग शिरप्यानं नाक पुसलं, रिमोट उचलला आणि शेपटीनं सात मोजून अकरावा पूल ओलांडला. पहिल्याच झटक्यात. भुजंग मेला. घंटा परत आली.

"झालं," तो म्हणाला. "आता मी मोकळा. शब्द दिला होता तोही काठीला घाबरून उतरलेल्या कावळ्याला. बारावा भाग नाही खेळलो तरी चालेल."

"चालेल की," कावळा म्हणाला. आणि झरोक्याकडे उडाला. तिथे बसून तो बाहेर बघायला लागला. पंखात चोच खुपसली. पुन्हा काढली. "मी काय, असाच विचारतो. बाराव्यात म्हणे दोन पूल आहेत."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. सकाळपासून वडाखाली रांग लागली. सर्वांत पुढे कोल्हे गुरुजी होते, नाकाला हळद लावून. रांगेत सातव्या नंबरावर शिरप्या उभा होता.

बारावा भाग सुरू झाला. पाताळवीराला नवी टोपी होती. काळभुजंगानं या वेळी घंटा चोरली होती.

कोल्हे गुरुजींनी दीड दिवसात खेळ संपवला आणि आधीचे भाग चांगले होते असं जाहीर केलं. हेच ते दुसऱ्या भागापासून दर वेळी जाहीर करत आले होते.

शिरप्याच्या बिळात मात्र खेळ सावकाश चालला होता. कावळा आता झरोक्यात बसत नव्हता. तो शिरप्याच्या उजवीकडे बसायचा. पहिला पूल आला. किती मोजायचे, ते दोघांनाही माहीत नव्हतं. हा पूल सुदामनं ओलांडलेला नव्हता. शिरप्या चौदा वेळा पडला. मग त्यानं रिमोट कावळ्यापुढे धरला. कावळ्यानं चोचीनं एक बटण टोचलं. पाताळवीरानं टोपी काढून नमस्कार केला आणि मग दरीत पडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिरप्या शेंगा आणायला आत गेला. परत येताना दाराशीच थबकला. आत कावळा भिंतीवरच्या पालीशी हळू आवाजात बोलत होता.

"पालबाई, हे कधी संपायचं हो? तीच घंटा, तोच साप. बाराव्यात काही राम नाही. पण पोराला आवडतं."

शिरप्या क्षणभर शेंगा घेऊन उभा राहिला. मग मुद्दाम पाय आपटत आत गेला आणि आपल्या जागेवर बसला.

"कसा वाटतोय बारावा, कावळेबुवा?"

"झकास," कावळा जांभई गिळत म्हणाला. "तुला?"

"मलाही झकास."

आणि दोघं दुसऱ्या पुलाकडे निघाले.

तात्पर्य : गेलेली वेळ परत येत नाही, हे मोठी माणसं सांगतात ते अगदी खरं आहे. म्हणून मुलांनो, शेजारी कोणी बसलेलं आहे तोवर ती भरपूर वाया घालवून घ्यावी. उपयोगाची कामं काय, एकट्यालाही करता येतात.